अमेरिकेत घराचे अप्रेझल कमी आले तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराचा सौदा ठरतो, कर्जाची कागदपत्रे पुढे सरकतात आणि एके दिवशी लोन ऑफिसरचा ईमेल येतो की अप्रेझल, म्हणजे कर्जासाठी केलेले घराचे मूल्यांकन, कमी आले. त्या दिवसापासून क्लोजिंगपर्यंत, म्हणजे व्यवहार पूर्ण होईपर्यंत, उरलेल्या दोन-तीन आठवड्यांत काय करता येते, कशासाठी भांडावे आणि कशासाठी भांडू नये, यासंबंधीचे जे प्रश्न घर घेणारे किंवा रीफायनान्स करणारे (जुने कर्ज फेडून नवे घेणारे) मराठी लोक पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. अहवालातील शब्द आणि कर्जव्यवहारातील नित्याचे शब्द मुद्दाम आहेत तसेच ठेवले आहेत, कारण लेंडरशी, म्हणजे कर्ज देणाऱ्या संस्थेशी, पत्रव्यवहार करताना तेच वापरावे लागतात.

अप्रेझलचे पैसे मी भरले. मग अप्रेझर माझ्याशी बोलायला तयार का नाही?

पैसे आपल्या खिशातून जात असले, तरी अप्रेझरचा ग्राहक आपण नसून लेंडर असतो. हे काम त्याला बहुधा एखाद्या अप्रेझल मॅनेजमेंट कंपनीमार्फत मिळते आणि अहवालातील निष्कर्ष ग्राहकाच्या परवानगीशिवाय इतरांना सांगण्यास व्यवसायाची आचारसंहिता, म्हणजे ‘यूस्पॅप’, त्याला मनाई करते. त्यामुळे त्याने फोन उचलला नाही किंवा ‘लेंडरशी बोला’ एवढेच सांगून ठेवून दिला, तर तो उर्मटपणा समजू नये.

या अंतरामागे इतिहास आहे. १९८० च्या दशकात बचत-कर्ज संस्था कोसळल्या, तेव्हा फुगवलेली मूल्यांकने हे त्यामागचे एक कारण असल्याचे दिसून आले आणि १९८९ च्या कायद्याने अप्रेझरसाठी राज्यस्तरीय परवान्याची व्यवस्था आणली. पुढे २००८ च्या संकटानंतर, २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने, विशिष्ट आकडा यावा म्हणून अप्रेझरवर दबाव आणणे बेकायदेशीर ठरवले. मात्र त्याच कायद्याने तीन गोष्टी स्पष्टपणे मोकळ्या ठेवल्या आहेत: अप्रेझरला आणखी माहिती, त्यात इतर कॉम्प (तुलनेसाठी घेतलेली, विकली गेलेली घरे) आले, विचारात घ्यायला सांगणे, त्याच्या निष्कर्षाचे अधिक स्पष्टीकरण मागणे, आणि अहवालातील चुका दुरुस्त करायला सांगणे. आपला सगळा वाद या तीन दारांतूनच आत जातो. ‘आम्हाला ५ लाख हवे आहेत’ हे वाक्य या तिन्हींपैकी एकाही दारातून जात नाही.

अहवालाची प्रत मागण्याचा मला अधिकार आहे का?

आहे, आणि मागितली नाही तरी ती मिळायला हवी. घरावरील पहिल्या तारणाच्या कर्जासाठी केलेल्या प्रत्येक मूल्यांकनाची प्रत लेंडरने ते पूर्ण होताच किंवा क्लोजिंगच्या किमान तीन कामकाजी दिवस आधी, यांपैकी जे आधी असेल तेव्हा, अर्जदाराला द्यावी असा समान पतसंधी कायद्याखालचा नियम आहे. ही मुदत माफ करणाऱ्या कागदावर सही मागितली जाते. घाईघाईत ती करू नये. अहवाल शेवटच्या तीन दिवसांत हाती पडला, तर वाद घालण्याचा हक्क कागदावर राहतो आणि वेळ मात्र उरत नाही.

तीस-चाळीस पानांच्या अहवालात आधी काय वाचावे?

पहिल्या पानावरील आकडा तर आपण वाचलेलाच असतो. त्यानंतर सरळ विक्री-तुलनेच्या तक्त्यावर जावे. डाव्या स्तंभात आपले घर असते, त्याच्या शेजारी तीन किंवा अधिक विकली गेलेली घरे, आणि खाली एकेक ओळ: अंतर, विक्री किंमत, तारीख, भूखंड, बांधणीचा दर्जा, वय, स्थिती, खोल्या, राहण्यायोग्य क्षेत्रफळ, तळघर, गॅरेज. प्रत्येक फरकासमोर अधिक किंवा वजा रक्कम लिहून शेवटच्या ओळीत त्या कॉम्पची सुधारित किंमत काढलेली असते. आपल्या घराचे मूल्य या सुधारित किमतींची सरासरी नसते. कोणत्या कॉम्पला जास्त वजन दिले आणि का, हे तक्त्याखालच्या मजकुरात लिहिलेले असते. तो परिच्छेद बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि खरी मेख अनेकदा तिथेच असते.

तारखेच्या चौकटीकडे विशेष लक्ष द्यावे. अनेक वर्षे वापरात असलेल्या नमुन्यात तिथे ‘एस ०५/२४, सी ०४/२४’ अशा धर्तीची नोंद दिसते: ‘एस’ म्हणजे क्लोजिंगचा महिना आणि ‘सी’ म्हणजे करार झाल्याचा महिना. किंमत करार झाला त्या दिवशी ठरते, क्लोजिंगच्या दिवशी नाही. चार महिन्यांपूर्वी क्लोज झालेल्या घराचा भाव प्रत्यक्षात साडेपाच महिन्यांपूर्वीचा असू शकतो, आणि मधल्या काळात बाजार चढला असेल तर त्यासाठीची वाढ तक्त्यात दिसली पाहिजे. त्या ओळीत शून्य असेल, पण अहवालाच्या पहिल्याच पानावर बाजार ‘वाढता’ म्हणून खूण केलेली असेल, तर ती विसंगती आहे आणि तिच्याविषयी विचारता येते.

स्थितीसाठी सी१ ते सी६ आणि दर्जासाठी क्यू१ ते क्यू६ अशा श्रेणी असतात. सी१ म्हणजे कोणीही न राहिलेले कोरे घर, तर सी६ म्हणजे सुरक्षिततेला बाध येईल इतके मोडकळीस आलेले. जुन्या पण निगा राखलेल्या घरांचा वाद बहुतेक वेळा सी३ आणि सी४ यांच्या मधल्या रेषेवर होतो.

शेजारचे घर आमच्यापेक्षा ३० हजार डॉलर जास्त घेऊन गेले. ते कॉम्प म्हणून का धरले नाही?

कारणे अनेक असू शकतात आणि त्यांतली काही अगदी रास्त असतात. ते घर अजून क्लोज झालेले नसेल, नुसते ‘पेंडिंग’ असेल. लेंडरकडून कर्जे विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या नियमांनुसार किमान तीन पूर्ण झालेल्या विक्री लागतात. पेंडिंग आणि बाजारात असलेली घरे पूरक पुरावा म्हणून जोडता येतात, पण त्या तिघांची जागा घेऊ शकत नाहीत. किंवा ते घर अप्रेझलच्या प्रभावी तारखेनंतर (ज्या दिवसाचे मूल्य काढले, त्यानंतर) क्लोज झाले असेल. जी विक्री त्या दिवशी झालेलीच नव्हती ती विचारात घेतली नाही, म्हणून अप्रेझरला दोष देता येत नाही. किंवा विक्रेत्याने खरेदीदाराच्या क्लोजिंग खर्चापोटी १५ हजार दिले असतील, म्हणजे दिसणारी किंमत फुगलेली असेल. बापाने मुलाला विकलेले घर किंवा बँकेने जप्त करून काढलेले घर हेही नेहमीच्या खुल्या व्यवहारात मोडत नाही.

असे काहीही नसेल आणि घर खरोखर त्याच वसाहतीतले, त्याच मॉडेलचे व बारा महिन्यांच्या आत विकले गेलेले असेल, तर मात्र आपल्या हाती उत्तम मुद्दा आहे. ही बारा महिन्यांची चौकटही पोलादी नाही. जुनी विक्री अधिक योग्य असेल तर अप्रेझर कारण देऊन ती वापरू शकतो. चांगला कॉम्प म्हणजे सर्वांत महाग घर नव्हे: आपल्या घरासाठी आलेल्या खरेदीदाराने आपले घर हुकल्यावर जे घर घेतले असते, ते चांगले कॉम्प. यादी करताना हीच कसोटी लावावी.

अधिक-वजा रकमा कशा वाचायच्या? चिन्हे उलटी वाटतात.

नेहमी कॉम्पला आपल्या घरासारखे करायचे असते, आपल्या घराला कॉम्पसारखे नाही. त्यामुळे कॉम्प आपल्यापेक्षा उणे असेल तर त्याच्या किमतीत भर पडते आणि सरस असेल तर वजावट होते. त्याच्याकडे दोन गाड्यांचे गॅरेज आहे आणि आपल्याकडे एका गाडीचे, तर त्याच्या किमतीतून रक्कम वजा होणार. चिन्ह चुकून उलटे पडल्याचे क्वचित आढळते, पण आढळले तर त्याहून सोपी दुरुस्ती नाही, कारण फरक त्या रकमेच्या दुप्पट पडतो.

आमच्या भागात चौरस फुटाला २४० डॉलर भाव आहे आणि अप्रेझरने फक्त ७० धरले. ही उघड चूक नाही का?

बहुधा नाही, आणि हा मुद्दा सर्वांत जास्त पत्रांत चुकीच्या पद्धतीने मांडलेला दिसतो. समजा, १,९५० चौरस फुटांचे कॉम्प ४ लाख ६८ हजारांना विकले गेले. भागाकार केला की २४० येतात. पण त्या २४० मध्ये जमीन आहे, स्वयंपाकघर आहे, छप्पर, गॅरेज, वीज-पाण्याच्या जोडण्या सगळे आहे. आपले घर २,२०० चौरस फुटांचे असेल तर वाढीव २५० फुटांबरोबर दुसरा भूखंड आणि दुसरे स्वयंपाकघर येत नाही. थोडी रुंद बैठकीची खोली आणि एखादी जास्तीची झोपण्याची खोली येते. त्या वाढीव जागेसाठी खरेदीदार किती जादा मोजतो, हा प्रश्न असतो, आणि तो आकडा सरासरी भावापेक्षा बराच कमी असणे स्वाभाविक आहे. २५० गुणिले २४० करून ६० हजारांची मागणी केली तर पत्र वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळते की लिहिणाऱ्याला तक्ता वाचता आलेला नाही.

७० हा आकडा कोठून आला, हे मात्र जरूर विचारावे. जोडी-तुलना ही त्याची जुनी रीत आहे: एकाच हंगामात विकली गेलेली, एकाच गोष्टीत वेगळी असलेली दोन घरे शोधायची आणि किमतीतील फरक त्या गोष्टीच्या नावे लिहायचा. अशा दोन जोड्या आपल्याला सापडल्या, तर ‘हा दर आम्हाला कमी वाटतो’ या तक्रारीचा पुरावा होतो.

पूर्ण केलेले तळघर क्षेत्रफळात धरले नाही. १,००० चौरस फूट गेले कुठे?

ते गेलेले नाहीत, वेगळ्या ओळीत गेले आहेत. फॅनी मेने १ एप्रिल २०२२ पासून क्षेत्रफळ मोजण्यासाठी ‘अँसी’ या अमेरिकी मानक संस्थेची मोजणीपद्धत सक्तीची केली. तीनुसार जो मजला अंशतः जरी जमिनीखाली असेल, तो संपूर्ण मजला ‘जमिनीखालचा’ ठरतो. मागच्या अंगणात उघडणारे, मोठ्या खिडक्यांचे, लाकडी फरशीचे वॉकआउट तळघरही त्याला अपवाद नाही. उतारावर बांधलेल्या घरांत मालकाला हे फार खटकते: मागून पाहिले तर तीन मजली घर, आणि अहवालात दोनच मजल्यांचे क्षेत्रफळ.

म्हणून ‘आमचे क्षेत्रफळ चुकले’ असे लिहिण्याआधी तळघराची स्वतंत्र ओळ पाहावी आणि तिथे पूर्ण केलेले फूट, स्नानगृह आणि बाहेरचा दरवाजा नोंदला आहे का, ते तपासावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कॉम्पची तळघरे त्याच मापाने मोजली आहेत का, हे बघावे. विक्रीच्या जाहिरातीत एजंटाने तळघर धरून ३,२०० फूट लिहिले असतील आणि तोच आकडा तक्त्यात ‘जमिनीवरचे क्षेत्रफळ’ म्हणून उतरला असेल, तर त्या कॉम्पमधून क्षेत्रफळापोटी मोठी रक्कम नाहक वजा झालेली असते. ही चूक शोधायला काउंटीच्या नोंदी आणि अर्धा तास पुरतो. माळ्यावरच्या उतरत्या छपराच्या खोल्यांचेही नियम ठरलेले आहेत: खोलीच्या किमान निम्म्या भागात सात फूट उंची हवी आणि पाच फुटांहून बुटका कोपरा मोजलाच जात नाही.

स्वयंपाकघरावर ६० हजार खर्च केले. अप्रेझरने २० हजारच का धरले?

खर्च ही आपली बाजू झाली. मूल्य म्हणजे खरेदीदाराने मोजलेला फरक. नवे स्वयंपाकघर असलेली आणि नसलेली घरे त्या वस्तीत २० हजारांच्या अंतराने विकली जात असतील, तर बिलांची चळत दाखवून आकडा हलत नाही. तरीही बिले आणि परवाने जोडावेत, कारण त्यांनी काम कधी झाले हे सिद्ध होते, आणि त्यावरून सी४ ची श्रेणी सी३ व्हायला हवी होती असे म्हणता येते. नवे छप्पर आणि घर तापवणारी नवी भट्टी यांचे मोल अपेक्षेपेक्षा कमी येते, कारण छप्पर गळू नये ही खरेदीदाराची मूळ अपेक्षाच असते.

झिलो या संकेतस्थळावरचा अंदाज किंवा काउंटीचे करमूल्य पुरावा म्हणून चालते का?

नाही. संगणकीय अंदाजाने घर आतून पाहिलेले नसते आणि करमूल्य वेगळ्या तारखेचे, वेगळ्या हेतूने काढलेले असते. दोन्ही पत्रातून वगळावेत. त्यांच्यामुळे चांगले मुद्देही पातळ होतात.

अप्रेझरला आमची कराराची किंमत आधीच माहीत असते का?

हो. खरेदीच्या व्यवहारात करार वाचून त्याचे विश्लेषण करणे त्याच्यावर बंधनकारकच आहे. म्हणूनच कराराहून कमी आलेला आकडा निष्काळजीपणे लिहिलेला असण्याची शक्यता कमी असते. वाद होणार हे त्याला माहीत असते. रीफायनान्समध्ये असा टेकू नसतो, तिथे मालकाच्या मनातील आकड्याला कराराचे वजन नसते.

फेरविचाराची मागणी कशी लिहावी?

तिचे प्रचलित नाव ‘रिकन्सिडरेशन ऑफ व्हॅल्यू’, व्यवहारात आरओव्ही. २०२४ मध्ये केंद्रीय नियामक संस्थांनी याविषयी संयुक्त मार्गदर्शन प्रसिद्ध केले आणि फॅनी मे व तशीच दुसरी संस्था फ्रेडी मॅक यांनीही कर्जदारासाठी या मागणीची रीत घालून दिली: एका अप्रेझलवर कर्जदाराची एकच मागणी, क्लोजिंगच्या आधी, आणि जास्तीत जास्त पाच पर्यायी विक्री. लेंडरचा स्वतःचा ठरलेला नमुना असतो. तो लोन ऑफिसरकडे लेखी मागावा आणि त्यातच भरावे.

संधी एकच असल्याने पहिला राग ओसरल्यावरच लिहावे. माझ्या स्वतःच्या रीफायनान्सच्या वेळी मी हे केले नाही. अहवाल आला त्याच रात्री मी आठ पानी पत्र लिहिले. त्यात संगणकीय अंदाज होता, बागेतील फरशीचा खर्च होता, गेल्या पाच वर्षांत भाग किती सुधारला याचे वर्णन होते, आणि सातव्या पानावर, एका उपवाक्यात, कॉम्प ३ चे क्षेत्रफळ तळघरासह मोजले गेले आहे हा एकमेव खरा मुद्दा होता. उत्तर तीन ओळींचे आले: सादर केलेली माहिती विचारात घेतली, मूल्यात बदल नाही. सातवे पान कोणी वाचले होते की नाही, हे मला कधीच कळले नाही, आणि दुसरे पत्र लिहिता येत नव्हते.

पत्र एक-दोन पानांचे असावे. आधी वस्तुस्थितीच्या चुका, कारण त्या नाकारता येत नाहीत: स्नानगृहे अडीच असताना दोन लिहिली आहेत, भूखंडाचे क्षेत्रफळ चुकले आहे, कॉम्प १ हमरस्त्याला लागून आहे आणि त्याची दखल घेतलेली नाही. नंतर पर्यायी विक्री. त्या सुचवताना आपली विक्री कोणत्या कॉम्पपेक्षा सरस आहे आणि कोणत्या निकषावर, हे सांगावे लागते. उदाहरणार्थ, असे:

‘तक्त्यातील कॉम्प २ आमच्या घरापासून १.४ मैलांवर, महामार्गाच्या पलीकडे आणि वेगळ्या शाळा-जिल्ह्यात आहे. या फरकासाठी कोणतीही रक्कम धरलेली दिसत नाही. सोबत जोडलेली विक्री क्रमांक १ ही याच वसाहतीतील त्याच मॉडेलची असून अर्ध्या मैलाच्या आत आहे. तिचे क्लोजिंग अप्रेझलच्या तारखेच्या १९ दिवस आधी झाले आणि जमिनीवरचे क्षेत्रफळ आमच्यापेक्षा ४० चौरस फुटांनी कमी आहे. तिचे तळघर अपूर्ण आहे, म्हणजे त्या बाबतीत ते घर उणे आहे. तिचा विचार करावा किंवा ती का लागू होत नाही, हे स्पष्ट करावे, ही विनंती.’

या मजकुरात अपेक्षित आकडा कुठेही नाही. आपल्या विक्रीतील उणी-अधिक बाजूही आपणच सांगितली आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला ती शोधून काढून पत्र बाजूला सारता येत नाही. प्रत्येक विक्रीबरोबर एमएलएसचे, म्हणजे एजंटांच्या सामाईक विक्री-नोंदीचे, पान जोडावे. टेक्साससारख्या राज्यांत विक्रीची किंमत सार्वजनिक नोंदीत येत नाही, तिथे आपल्या रिअल्टरशिवाय (घर घेऊन देणाऱ्या एजंटाशिवाय) हे काम होत नाही. त्याने दोन तास दिले पाहिजेत, आणि कमिशन घेणाऱ्याकडून एवढी अपेक्षा रास्त आहे.

लेंडरला दुसरे अप्रेझल करायला सांगता येते का? की लेंडरच बदलावा?

आकडा आवडला नाही म्हणून दुसरे अप्रेझल होत नाही. पहिले सदोष असल्याचे लेंडरच्या स्वतःच्या तपासणीत दिसले तर ते मागवले जाते, आणि तेव्हाही दोहोंपैकी जास्त आकडा निवडायचा नसून जास्त विश्वासार्ह अहवाल निवडायचा असतो. साध्या कन्व्हेन्शनल (सरकारी पाठबळ नसलेल्या) कर्जात लेंडर बदलला तर नवे अप्रेझल होते, पण नवा खर्च, नवे तीन-चार आठवडे आणि व्याजदराचे लॉक (ठरावीक काळासाठी पक्का केलेला दर) गमावण्याची शक्यता हिशेबात धरावी. सरकारी विमा असलेल्या एफएचए कर्जात हा मार्ग बहुतांशी बंद असतो, कारण तिथे अप्रेझल त्या घराच्या केस नंबरला चिकटलेले राहते आणि नव्या लेंडरकडेही तेच जाते.

माजी सैनिकांच्या व्हीए कर्जात काही वेगळे आहे का?

तिथे एक शहाणपणाची रीत आहे, तिला टाइडवॉटर म्हणतात. मूल्य कराराच्या किमतीपेक्षा कमी येणार असे दिसताच अहवाल पूर्ण करण्याआधीच अप्रेझर संपर्क-व्यक्तीला कळवतो आणि आणखी विक्री सादर करायला दोन कामकाजी दिवस देतो. त्यामुळे व्हीए कर्ज असेल तर रिअल्टरने कॉम्पची यादी पहिल्या दिवसापासून तयार ठेवावी. ही रीत सगळ्याच कर्जांना लागू झाली असती तर निम्मे वाद उद्भवले नसते, असे माझे मत आहे.

मागणी फेटाळली. आता सौद्याचे काय?

आधी गणित मांडावे. करार ५ लाखांचा, २० टक्के म्हणजे १ लाख आपले आणि ४ लाख कर्ज. अप्रेझल आले ४ लाख ७५ हजार. लेंडर किंमत आणि मूल्य यांपैकी कमी आकडा धरतो, म्हणून ८० टक्क्यांनी कर्ज ३ लाख ८० हजार मिळेल आणि आपल्याला १ लाखाऐवजी १ लाख २० हजार उभे करावे लागतील. पंचवीस हजारांच्या फरकाने वीस हजारांचा खड्डा पडला. तेवढी रोकड नसेल तर ४ लाखांचे कर्ज तसेच ठेवता येते, पण ते मूल्याच्या ८४ टक्क्यांहून थोडे अधिक होते, म्हणून पीएमआयचा (८० टक्क्यांहून अधिक कर्जावरील विम्याचा) हप्ता मागे लागतो. अनेक खरेदीदारांना हा दुसरा मार्ग कोणी सांगतच नाही.

विक्रेत्याशी बोलायला अहवाल हेच आपले मोठे बळ आहे: पुढचा खरेदीदारही कर्ज घेणारा असेल तर त्याच्या वाट्यालाही असाच आकडा येण्याची भीती विक्रेत्याला असते. फरक अर्धा-अर्धा वाटून घेणे ही नेहमीची तडजोड. करारात अप्रेझलची अट असेल तर ठरलेल्या मुदतीत लेखी कळवून इसाराची रक्कम परत घेता येते; एफएचए आणि व्हीए कर्जांत असे संरक्षण देणारे कलम करारात असावेच लागते. स्पर्धेच्या भरात ही अट सोडून दिली असेल, तर करार राज्यातील वकिलाला दाखवल्याशिवाय माघारीचे पत्र पाठवू नये.

आम्ही भारतीय आहोत म्हणून आकडा कमी आला, असा संशय आहे. काय करावे?

वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीय मूळ यांवरून मूल्य ठरवणे १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने आणि समान पतसंधी कायद्याने निषिद्ध आहे. असा संशय असेल तर आरओव्हीच्या पत्रात तो स्पष्टपणे आणि वेगळ्या परिच्छेदात लिहावा, म्हणजे लेंडरला त्याची निराळी तपासणी करावी लागते. अहवालातील नेमकी वाक्ये उद्धृत करावीत: वस्तीतील लोकांविषयी शेरा, किंवा जवळची घरे सोडून विशिष्ट वस्तीतलेच कॉम्प निवडल्याचा नमुना. हाउसिंग खात्याकडे, म्हणजे हडकडे, घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करता येते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘आमच्या वसाहतीत सगळे सुशिक्षित भारतीय आहेत, म्हणून मूल्य जास्त असावे’ अशी वाक्ये मी मराठी लोकांच्या पत्रांत वाचली आहेत. ज्या आधारावर मूल्य कमी करणे बेकायदेशीर आहे, त्याच आधारावर ते वाढवून मागणे तितकेच गैर आहे, आणि असे वाक्य पत्रात असले की अप्रेझर उरलेल्या मजकुराकडेही सावधपणे पाहतो.

अप्रेझरची परवाना मंडळाकडे तक्रार केली तर मूल्य बदलेल का?

बदलणार नाही. राज्याचे मंडळ त्याच्या वर्तनाची चौकशी करते, नवा आकडा देत नाही, आणि निर्णय येईपर्यंत आपला व्यवहार कधीच संपलेला असतो. घर आतून न पाहता पाहिल्याचे लिहिणे किंवा अस्तित्वात नसलेली विक्री दाखवणे अशा गंभीर बाबींसाठी तक्रार जरूर करावी. मात्र ‘आकडा वाढवला नाही तर मंडळाकडे जाईन’ ही धमकी चुकूनही देऊ नये. तो दबाव ठरतो.

हेच कॉम्प वापरून मालमत्ता कर कमी करून घेता येईल का?

तक्ता तोच, दिशा उलटी. कमी आलेले अप्रेझल, ज्यावर आपण महिनाभर चरफडलो, तेच कराच्या अपिलात कामाला येते. मात्र अहवाल लेंडरच्या वापरासाठी लिहिलेला असल्याने काही ठिकाणी त्याचे वजन कमी पडते आणि अपिलासाठी स्वतंत्र अहवाल घ्यावा लागतो. सर्वांत मोठा फरक तारखेचा. टेक्सासमध्ये मूल्य त्या वर्षाच्या १ जानेवारीचे धरतात आणि हरकत १५ मे किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यांपैकी जे नंतर असेल तोवर नोंदवता येते. न्यू जर्सीत मूल्याची तारीख आदल्या वर्षाची १ ऑक्टोबर असते आणि बहुतेक काउंट्यांत अपिलाची मुदत १ एप्रिलच्या सुमारास संपते. म्हणजे मार्च महिन्यातल्या आपल्या कर्जाच्या अप्रेझलमधील जानेवारी-फेब्रुवारीचे कॉम्प, कितीही चपखल असले, तरी न्यू जर्सीच्या त्या वर्षीच्या अपिलात चुकीच्या बाजूला पडतात, आणि आदल्या ऑक्टोबरच्या आसपासची विक्री नव्याने शोधावी लागते.